फुकटचा श्रोता

"हसा," तो म्हणाला.

पहिल्याच भेटीत! ना ओळख ना पाळख, ना बसा ना उठा... एकदम हसा!

"का?" मी रुमालाआडून विचारलं.

"दात बघायचेत."

झालं होतं असं, की माझा पुढचा दात अर्धा तुटला होता. पेनाचं टोपण दातानं उघडायची माझी जुनी खोड. त्या सकाळी टोपण जिंकलं. दंतवैद्यांनी दात तासला, माप घेतलं आणि हातात चिठ्ठी दिली. "तात्पुरती कॅप संध्याकाळी बसवतो. पण खरी जिथे बनते तिथे आधी जाऊन या. तुमच्या दातांचा रंग जरा निराळा आहे, बनवणाऱ्यानं स्वतः बघितलेला बरा."

म्हणून मी तीन मजले चढून त्या लांबट खोलीत आले होते. सहा जण सहा टेबलांवर वाकलेले, आणि जिकडे पाहावं तिकडे दात. बशीत दात, फळीवर दात, खिडकीत ओळीनं वाळत ठेवलेल्या कवळ्या. सगळ्या माझ्याकडे बघून हसत होत्या. मी सोडून खोलीत सगळ्यांचे दात शाबूत होते.

"दिव्याखाली रंग फसवतो. इकडे उजेडात या," तो म्हणाला आणि मला खिडकीपाशी घेऊन गेला. त्याच्या भुवईवर पांढरी पूड होती. हातात पंख्यासारखी उघडणारी एक पट्टी, तिला लावलेले नमुन्याचे दात. त्यातला एकेक तो माझ्या ओठांजवळ धरायचा, मान तिरकी करायचा, एक डोळा मिटायचा... आणि पुटपुटायचा, "हा नाही. हाही नाही."

आजवर माझ्याकडे इतकं टक लावून कुणी बघितलं नव्हतं. आणि बघितलं तेव्हा मी अशी — तोंड वासून, दात तुटलेली. नशीबच म्हणायचं!

तेवढ्यात मागच्या फळीवरच्या स्पीकरमधून आवाज आला. "...मग पुलाच्या मधोमध पहिल्यांदा उभ्या राहिलात, तेव्हा खाली बघितलंत?"

मी गारच पडले. तो आवाज माझा होता.

"हलू नका हो."

"हे... काय लावलंय?"

"'कानामागून' नाव त्याचं. पॉडकास्ट आहे. एक मुलगी निरनिराळ्या माणसांना त्यांच्या कामाबद्दल विचारते. कधी लिफ्ट दुरुस्त करणारा, कधी पूल बांधणाऱ्या बाई. आमचे हात गुंतलेले, डोळे गुंतलेले, कान तेवढे मोकळे. मग रोज हेच."

"कथं अथतं?"

तुटक्या दातानं माझा 'स' पळवून नेला होता. त्यानं हसू दाबलं. चांगलंच दाबलं, तरी डोळ्यांतून निसटलंच.

"छान असतं. म्हणजे... ती मुलगी छान आहे. हसायच्या आधी अर्धा क्षण श्वास घेते. तेवढ्यात कळतं, आता हसणार. आम्ही सगळे हात थांबवतो."

पाठीमागे पॉलिश करणाऱ्या ताई म्हणाल्या, "आम्ही नाही हो. हा एकटाच थांबवतो."

त्याचे कान लाल झाले. माझे गाल. खिडकीचा उजेड फारच प्रामाणिक होता.

मी सांगायला हवं होतं ना, की ती मीच? पण अशा तोंडानं? 'थ'कार लावून? त्यापेक्षा मरण बरं. मी दुसरंच विचारलं. "थमजा, उद्या याला पैथे लावले... तर द्याल?"

"छे!" त्यानं पट्टी मिटली. "दमडी देणार नाही."

"का?"

"वारा, ऊन आणि कुणाचं तरी बोलणं, यांचे पैसे कोण देतं?"

मी जिना उतरले तेव्हा मला आनंदानं नाचायला हवं होतं. कारण त्याच सकाळी मी मावशीशी तासभर भांडले होते, की ऐकणाऱ्यांना पैसे लावायचे नाहीत म्हणजे नाहीत. त्या भांडणातच ते टोपण दाताखाली आलं होतं. आणि आता एक अस्सल श्रोता माझ्याच बाजूनं बोलला होता.

मग एवढं का लागावं मनाला? दमडी नाही म्हणे! दमडीसुद्धा नाही!

मावशी म्हणजे आमची प्रकाशक. तीन खोल्या, चार माणसं आणि पुस्तकांचे डोंगर असा तिचा संसार. दोन वर्षांपूर्वी तिनंच मला या कामाला लावलं होतं. "टकळे, तोंड तर तुझं बंद होत नाही. निदान कामाला लाव." टकळी हे माझं घरातलं नाव. कार्यक्रम नावारूपाला आला, हजारो लोक ऐकू लागले, पण पुस्तकं काही त्या मापानं विकली जाईनात. दोन वर्षं मावशी पदरमोड करत होती.

"तीन वाटा आहेत," दुसऱ्या दिवशी तिनं चष्मा कपाळावर चढवून सांगितलं. "एक, लोकांनी पैसे भरून ऐकायचं. दोन, ती टूथपेस्टवाली कंपनी मागे लागली आहे, तिची जाहिरात करायची. तीन, गाशा गुंडाळायचा. शुक्रवारपर्यंत काय ते सांग."

"मावशी, दवाखान्यात पडून असलेली माणसं ऐकतात गं. ज्यांना दुसरं काही परवडत नाही ती ऐकतात."

"आणि मला परवडतं? आवळा देऊन कोहळा मागत नाहीये मी. आवळ्याचेच पैसे मागतेय."

तिचंही चूक नव्हतं. हीच तर पंचाईत!

गुरुवारी त्या दातांच्या लॅबमधून निरोप आला: कॅप शेवटची भट्टीत घालण्याआधी एकदा रंग बघू. मी जिना जरा जास्तच भराभर चढले. आरशात चार वेळा बघून निघाले होते, हे कशाला लपवू? दंतवैद्यांची तात्पुरती कॅप बसली होती आणि माझा 'स' घरी परतला होता.

"नमस्कार. सगळं तयार आहे का?" मी म्हणाले.

त्याच्या हातातली सुरी टेबलावर पडली. मेणाचा अर्धा दात घरंगळत गेला.

"तुम्ही..."

"मी."

"ती तुम्ही?"

मला हसू आलं. हसायच्या आधी मी श्वास घेतला असणार, कारण बाकीचे पाचही जण माझ्याकडे वळून बघू लागले.

"तुम्ही मला फसवलंत," तो म्हणाला.

"मी कुठे? मला तर बोलताच येत नव्हतं."

"आणि मी काय काय बोलून गेलो!"

"सगळं आठवतंय मला. दमडीसकट."

तो असा काही ओशाळला... की माझा दोन दिवसांचा राग तिथल्या तिथे विरघळला. मी खिडकीपाशी जाऊन आपणहून तोंड उघडलं. त्यानं रंग बघितला. मग पुन्हा बघितला. तिसऱ्यांदा बघायची खरं तर काही गरज नव्हती.

"जुळला?" मी विचारलं.

"मघाशीच," तो हळूच म्हणाला.

मग बोलता बोलता मी त्याला सगळं सांगितलं. मावशी, तीन वाटा, उद्याचा शुक्रवार. पिशवीतून जाहिरातीचा कागदही काढून दिला. त्यानं मोठ्यानं वाचलं, "मी स्वतः दोन वर्षं हीच पेस्ट वापरते. सात दिवसांत दात मोत्यांसारखे!" आणि माझ्याकडे बघितलं. "तुम्ही वापरता?"

"नाही."

"सात दिवसांत शिंपलासुद्धा मोती करत नाही. आणि हा पुढचा मोती तर मी करतोय. त्याचं श्रेय पेस्टला?"

मी हसले. तो मात्र हसला नाही. त्यानं कागदाची नीट घडी घातली.

"तुमच्या कार्यक्रमात एक गुडघ्यांचे डॉक्टर आले होते," तो म्हणाला. "ते ऐकून मी आईला दाखवायला घेऊन गेलो. दोन वर्षं ती जिना उतरली नव्हती, आता बाजारात जाते. तुम्ही सांगितलंत म्हणून नेलं. तो विश्वास बसायला मला शंभर भाग ऐकावे लागले होते. तुम्ही हे एक वाक्य वाचाल आणि..." त्यानं कागद परत दिला. "त्यापेक्षा पैसे लावा. मी देईन. पहिला मीच देईन."

"अहो, तुम्ही तर—"

"तेव्हा मला वाटलं, फुकट म्हणजे कुणीच पैसे देत नाही. कुणीतरी देतंच असतं, हे आता कळलं. मावशी देत होत्या."

"पण मग बाकीच्यांचं काय? या ताई?"

पॉलिशच्या ताई मान खाली घालून काम करत होत्या. फारच मन लावून.

त्यानं खिडकीतली एक कवळी उचलली. "ही ज्या आजोबांची आहे ना, त्यांना पूर्ण पैसे द्यायला जमणार नाही. दंतवैद्य थोडे घेतात, आम्ही थोडे सोडतो. पण म्हणून त्यांची कवळी आम्ही मुद्दाम वाकडी करत नाही. सगळ्यांना तोच दात. ज्याला परवडेल त्यानं पुरे पैसे द्यायचे."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. दोन वर्षं मी शब्दांचा धंदा करत होते, आणि ज्या वाक्यासाठी मी आठवडाभर धडपडत होते ते या माणसानं दात हातात धरून सांगितलं होतं.

"उत्तम!" मावशी शुक्रवारी म्हणाली. "दार उघडं, आणि बाहेर पेटी. हा शहाणपणा कुणाचा?"

"एका श्रोत्याचा."

"श्रोत्याचा? मग बसव त्याला माझ्यासमोर. आणि रेकॉर्ड कर. बघू तरी."

अशा रीतीनं तो आमच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत आला. ती खरं तर न विकलेल्या पुस्तकांची खोली. गठ्ठे आवाज फार छान शोषून घेतात, हेच मावशीचं त्यातलं समाधान. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, भुवईवरची पूड पुसून. मला ती पूड असती तरी चाललं असतं.

लाल दिवा लागला. मावशीनं पहिलाच वार केला.

"तुम्ही कवळी फुकट देता?"

"नाही."

"मग माझी भाची का फुकट?"

"तुमची भाची फुकट नाही हो! म्हणजे... तिचं मोल... म्हणजे मी तसं..."

मी ओठ चावून धरले. माईकसमोर हसायचं नव्हतं. मावशीच्या डोळ्यांत एक बारीक चमक आली, आणि ती मला चांगली ओळखीची होती. कच्च्या लिखाणात चूक सापडली, की ती अशीच चमकायची.

"लोकांना मी ओळखते," ती पुढे म्हणाली. "दार उघडं ठेवलं की येतात, पोटभर जेवतात, हात धुतात आणि चालू लागतात."

"जातात ना. पण दहांतला एक भांडी घासायला थांबतो, मावशी."

"मावशी मी हिची. तुमची नाही."

"चुकलो."

"आणि तो दहावा थांबलाच नाही तर?"

"तर मी हरलो. पण शेजारी बसणाऱ्याच्या कानाला कुलूप लावून मला एकट्याला ऐकणं गोड लागणार नाही. आणि फुकट मिळावं म्हणून तिनं खोटं बोलावं, हे तर मुळीच नको. मला तिचा आवाज ऐकल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखाच वाटत नाही..."

खोली एकदम शांत झाली. पुस्तकांनी तोही आवाज शोषून घेतला, पण माझ्या छातीत तो वाजतच राहिला.

"कुणाचा?" मावशीनं विचारलं.

"का... कार्यक्रमाचा."

रेकॉर्डिंग संपल्यावर मावशीनं निकाल दिला. सात दिवस. सात दिवसांत तीनशे जणांनी आपणहून पैसे भरले तर त्यानं सुचवलेली वाट. दोनशे नव्व्याण्णव झाले तरी टूथपेस्ट. "आणि तो शेवटचा गोंधळ काप," जाता जाता ती म्हणाली.

मी कापला. कापायच्या आधी अकरा वेळा ऐकला. ते तीन सेकंद मी वेगळे काढून माझ्या फोनमध्ये ठेवले. ते कुणालाच मिळणार नव्हते, ना फुकट, ना पैसे भरून.

मग सुरू झाले ते सात दिवस. काय सांगू! सोमवारी दुपारी एकला भाग लोकांसमोर गेला आणि संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस जणांनी पैसे भरले. मी मावशीच्या टेबलाभोवती फेर धरला. मंगळवारी शंभर! बुधवारी एकशे एकोणतीस... आणि गुरुवारी एकशे तेहतीस. गाडी रुतली. मावशीनं टूथपेस्टवाल्यांचा फोन नंबर टेबलावर काढून ठेवला. शनिवारी कुठल्याशा इस्पितळातल्या परिचारिकेनं सगळ्या वॉर्डाच्या वतीनं लिहिलं, "आमच्यातल्या चौघींना जमलं, बाकीच्यांना ऐकू द्या." ते पत्र मी वाचून दाखवलं आणि आकडा पुन्हा हलला. रविवारी दोनशे चोवीस.

पण खरं सांगू? रोज सकाळी मी आकडा नंतर बघायचे. आधी नावं. लॅबमधल्या पॉलिशच्या ताईंचं नाव होतं, तिसऱ्याच दिवशी. त्यांच्या शेजारच्या दोघांचंही होतं.

त्याचं नव्हतं.

पहिला मीच देईन म्हणाला होता! सोमवारी वाटलं, विसरला असेल. बुधवारी वाटलं, काम असेल. शनिवारी वाटलं... नको, काय वाटलं ते सांगत नाही. दात तर बसून झाला होता, लॅबमध्ये जायला मला आता काही निमित्तही नव्हतं.

शेवटच्या सोमवारी दुपारी बारा चाळीसला आकडा तीनशे झाला. मी किंचाळले. मावशी खुर्चीतून उठली, टूथपेस्टवाल्यांच्या नंबराचे चार तुकडे केले आणि मला अशी मिठी मारली की तिचा चष्मा माझ्या केसांत अडकला. "दहावा थांबला गं," ती म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता. तीनशे दहावर गेलेला आकडा बघायलाही मी थांबले नाही. मी धावत सुटले.

तीन मजले. दार उघडंच. पॉलिशच्या मोटारींची घरघर, आणि तो हातांना प्लास्टर माखून उभा.

"झाले!" मी धापा टाकत म्हणाले. "तीनशेवर झाले!"

त्याचा चेहरा असा उजळला... की मला आणखीच राग आला.

"तुमचं नाव नाही त्यात."

"नाही," तो म्हणाला.

"पहिला मीच देईन म्हणाला होतात."

"म्हणालो होतो."

"मग?"

एकेक करून मोटारी बंद होत गेल्या. नळाची टिपटिप ऐकू येऊ लागली.

"सात वेळा फोन हातात घेतला," तो म्हणाला. "आणि सातही वेळा खाली ठेवला. पैसे दिले असते तर मी तुमचा श्रोता झालो असतो. चांगला, इमानदार श्रोता. तीनशेतला एक. देणंघेणं चुकतं, विषय संपला... आणि मला तुमच्याशी काही चुकतं करायचंच नाहीये. थोडं देणं राहू दे. म्हणजे मग मला यावं लागेल. आज, उद्या... रोज."

मला शब्द सुचेना. मला! टकळीला!

"सगळे ऐकतायत," मी कशीबशी पुटपुटले.

"आम्ही कुठे ऐकतोय!" पॉलिशच्या ताई म्हणाल्या. "तू बोल रे पुढे."

"तुम्ही मला आवडता," तो म्हणाला. "आवाज आधी आवडला. मग त्या खिडकीत आवाजच हरवलेली एक मुलगी आली, ती आवडली. दोघी एकच निघाल्या, तेव्हा मी काय करणार?"

"हे प्रेम आहे, की पैसे बुडवायची युक्ती?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं..." मी श्वास घेतला. "मला वाटतं, तू मला फार आवडतोस. आठ दिवस रोज सकाळी तुझंच नाव शोधत होते."

तुम्हीचं तू कधी झालं, ते आम्हा दोघांनाही नंतर कळलं. तेव्हा तो नुसता उभा होता, प्लास्टरचे हात हवेत धरून, आणि पाच जण टेबलं वाजवत होते.

"पण नियम सगळ्यांना सारखा," मी म्हणाले. "ज्याला परवडतं त्यानं द्यायचे. तुला परवडतं. भर पैसे."

"आत्ता?"

"आत्ता. आणि यायचं तर तसंच ये. देणं ठेवून कशाला?"

त्यानं माखलेल्या बोटानं फोन उघडायचा प्रयत्न केला. फोन काही ओळख देईना. मी त्याचं मनगट धरून त्याला नळापाशी नेलं आणि दोन्ही हात धुऊन काढले, एकेक बोट सावकाश. पाणी गार होतं. मग त्यानं पैसे भरले आणि फोन माझ्यासमोर धरला.

"झालो श्रोता. आता?"

"आता तुझी जेवणाची सुट्टी किती वाजता असते?"

"एकला."

घड्याळात एक वाजून गेला होता. ताईंनी आमच्याकडे पाठ केली आणि मोटार सुरू केली. आम्ही जिना उतरू लागलो, आणि त्याचा ओला हात मी तिसऱ्या मजल्यापासून थेट रस्त्यापर्यंत सोडला नाही.